तक्रारीचा रकाना

रेंजवर गोळीबार असला की पंचायतीत कागद लागतो:
अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत
गुरं तिकडे सोडू नयेत.
लहवितची माणसं वाचतात, विसरतात.
आमचे हे तो कागद पाठ करतात.

डोंगराशी उजेड चमकला की बोटं मोजतात. सहा, सात, आठ.
मग आवाज येतो.
"एकशे पाच. आपलीच आहे."
आपलीच आहे हे ठाऊक असून
चहा बशीत, बशीतून धोतरावर.

तसं तोफेचं चालतं त्यांना. तोफ सांगून येते.
पौषात शेजारच्या बागेत पाखरं हुसकायला
पोरानं सुतळी बॉम्ब लावला, न सांगता.
हवालदार दौलत पाळदे, नोकरी चोवीस वर्षं,
वेलींच्या दोन ओळींमधी पालथे.
हात डोक्यावर, ओठांना माती,
आणि वर साखर भरत आलेले घड.
पोरगा हसला असता तर बरं झालं असतं.
तो रडायला लागला.

तेव्हापासून हे दाराशी झोपतात,
उंबऱ्याला डोकं लावून.
पलंगावर मी लसणाच्या जुड्या ठेवते.
रिकामा पलंग बघवत नाही.

सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या.
दिरानं सांगितलं, पेन्शन येते, पडून राहा म्हणावं.
मी काही सांगितलं नाही. मला झोप येत होती, एवढंच आठवतं.

कॅम्पात कॅन्टीनच्या रांगेत
सुभेदार ढिकल्यांच्या बाईनं माझ्या पिशवीत डोकावलं.
"दोन महिन्यांत तिसऱ्यांदा तुमच्याकडं चहाच्या बश्या?"
आणि मग, बिलाचा कागद घडी करत, माझ्याकडे न बघता:
"गुरुवारी. वरचा मजला, शेवटची खोली.
पाटी नाही लावलेली. म्हणून तर जातात लोक.
आमचे जातात. घरी सांगतो, गुडघा दाखवायला."

यांना विचारलं तर म्हणाले, मी येडा आहे का.
त्यानंतर चार दिवस शब्द नाही.

मग मीच गेले. एकटी, सिन्नरला बहिणीकडं जाते म्हणून.
कार्डावर यांच्या नावाखाली माझं नाव: अवलंबित.
कोण कुणावर, ते कार्डाला काय माहीत.
फॉर्ममध्ये रकाना होता, तक्रार.
खिडकीतला मुलगा म्हणाला, काय दुखतं ते लिहा.
मी पेन धरून उभी. मागची रांग पुढे निघून गेली.
शेवटी लिहिलं: बश्या फुटतात.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या भाचीएवढी.
तिनं ते वाचलं. हसली नाही.
यांचं सगळं विचारून घेतलं, बॉम्बचं, उंबऱ्याचं,
मग पेन खाली ठेवून म्हणाली,
"आणि तुम्ही किती तास झोपता?"

अकरा महिन्यांत
हे कुणी विचारलं नव्हतं.
मी हिशोब करायला लागले बोटांवर,
सहा, सात, आठ,
आणि लक्षात आलं, मी तास मोजत नाहीये,
आवाज यायची वाट बघतेय.

पाचव्या गुरुवारी हे आले. गुडघा दाखवायला.
बाहेरच्या बाकांवर नऊ जण,
सगळे भिंतीला पाठ लावून, सगळ्यांचे डोळे जिन्याकडं.
भिंतीची एकच जागा उरलेली.
यांनी ती हेरली, बसले,
आणि शेजारच्याला विचारलं, "रेजिमेंट कुठली?"
मी खाली येऊन वडापावच्या गाडीशी उभी राहिले.
दोन खाल्ले. एकटीनं.

बरं झालं असं म्हणत नाही मी.
गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, चिडतात,
दोन गुरुवार बुडवलेही.
पण शेजारचा पोरगा आता बॉम्ब लावायच्या आधी
बांधावरून ओरडतो, "दौलतनाना, लावतोय!"
आणि हे आतून ओरडतात, "लाव!"

काल नवा कागद लागला. सोमवारपासून गोळीबार.
रात्री उठून पाहिलं तर
अंथरूण दाराशीच होतं.
फक्त पाय उंबऱ्याकडे,
डोकं घरात.