साइमीची अकरा शिंगं

मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ
माणसाला पेलतो, गाडीला पेलत नाही,
त्या आठवड्यात मी वडिलांना साइमीकडे न्यायचे.
पायी, तळ्यावरून.
ते पुढे. त्यांच्या बुटांच्या ठशांत माझे बूट.

तिचा सौना काळ्या ओंडक्यांचा,
बर्चचा धूर भिंतींत कधीचा मुरलेला.
तापल्या दगडांवर पळीभर पाणी पडलं
की वाफ अंगावर यायची
ओळखीच्या कुत्र्यासारखी.

फळीवर वडील पालथे.
चाळीस वर्षं जंगलातून लाकूड ओढून
डावा खांदा असा बसलेला
जसं पावसाने फुगून दार बसतं.
साइमी पंचावर शिंगं मांडायची, गाईची, अकरा.
बारावं कुठाय विचारलं तर म्हणायची,
ते आईच्या वेळी युद्धावर गेलं, परतलं नाही.

टोकाच्या भोकाला ओठ लावून ती हवा ओढायची,
गालांत दोन खड्डे पडायचे,
आणि शिंग पाठीला लुचायचं
वासरू आचळाला लुचतं तसं.
मग ते काढून इवल्या पात्याचे टकटक घाव,
पुन्हा शिंग,
पुन्हा दहा मिनिटं.

गावात म्हणायचे, म्हातारी स्वतःचीच तुंबडी भरते.
ती घ्यायची वीस युरो.
मासे मिळाले असतील तर मासे.

मी आरोग्य केंद्रात परिचारिका.
मला ठाऊक आहे, नासकं रक्त असं काही नसतं.
शिंगातून निघतं ते काळं, थरथरतं,
बोरांच्या मुरंब्यासारखं,
ते साधंच रक्त, गोठलेलं.
हे मी तिला एकदा सांगितलंही.
"असेल," ती म्हणाली, "पण आर्मास इथे बोलतो.
तुझ्याशी बोलतो?"

नाही बोलत.
मी दारापलीकडे, कपडे काढायच्या खोलीत,
त्यांचे लोकरी मोजे मांडीवर घेऊन ऐकायचे:
आईचं शेवटचं दुखणं,
घोडा बर्फाखाली गेला ती सकाळ,
आणि एक नाव, इर्या,
जे आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो हात वर जायचा,
थेट वरच्या फळीवरल्या कॉफीच्या डब्यापर्यंत.
याची नोंद कुठल्या रकान्यात करायची
ते आम्हाला शिकवलेलं नाही.

वडील गेले त्यानंतरच्या शरदात
साइमी माझ्याकडे आली,
हातात नंबराची चिठ्ठी, केस नीट विंचरलेले.
बाही वर केली. शीर सापडेना.
"हात किती गार तुझे," ती म्हणाली.
नळी भरली तशी तिने मागून घेतली,
खिडकीकडे धरली, बराच वेळ.
मी म्हटलं, अहवाल गुरुवारी.
"मला कळलं. पण तू गुरुवारीच सांग.
तुझं काम आहे ते."

गुरुवारी मी सांगितलं.
सगळे आकडे वाचून दाखवले,
एकदाही न अडखळता.

नोव्हेंबरात तिचा निरोप आला.
तळं धड पाणी नव्हतं, धड बर्फ नव्हता;
मी गाडीने लांबचा वळसा घातला.
ती पाठ करून बसली होती.
"पातं नको. नुसती शिंगं लाव."

मी ओढलं. तोंडात धूर आणि जुनी चरबी.
शिंग बसेना. हाडांवर कुठे बसायला?
सरकायचं, सुटायचं, फळीवर खडखडायचं.
ती हसायला लागली,
मग मीही,
आणि हसताना हवा कशी ओढणार.

अकरांतलं एकच टिकलं,
डाव्या खांद्याखाली, जिथे अजून थोडं मांस होतं.
मी दगडांवर पाणी टाकलं.
"दहा मिनिटं," ती म्हणाली.
घड्याळ बाहेर, कपड्यांवर राहिलं होतं.

वाफ खाली उतरली.
कुठून तरी सुरुवात करायची म्हणून
मी तिच्या पाठीला विचारलं,
इर्या कोण?