पाच पुस्तकं, सातेरी गुरवच्या नावावर

वाचनालय सहाला बंद होतं. तो पावणेसहाला आला.
केशरी जॅकेट. चिखलाचे बूट दाराबाहेर काढले,
एका मोज्याला भोक.
"पाइपलाइनीवर चालतोय मी, बाई.
रोज अकरा किलोमीटर, इदलहोंडापासून नाल्यापर्यंत.
आत काय वाहतंय ते नीट म्हाईत नाही.
एकादं पुस्तक हाय काय?"

खानापुरात तेवीस वर्षं पुस्तकं देतेय,
हे कुणी विचारलं नव्हतं.
कादंबऱ्या मागतात, स्पर्धा परीक्षा मागतात,
पंचांग मागतात, पंखा मागतात.
मी शिडी लावली.

पहिलं हे घे, भूगर्भाचं.
पाठीवरचं नाव उंदरानं खाल्लंय, आतला समुद्र शाबूत आहे.
डोळ्यांना न दिसणारे जीव मेले, तळाशी बसले,
त्यांच्यावर गाळ, गाळावर गाळ,
कोटी कोटी वर्षं कुणी हाक मारली नाही.
घाईनं वाचू नकोस. त्यांनीही केली नाही.

दुसरं जाड. कुवेतहून परतलेल्या बस्त्यांव फिटरनं दिलेलं.
विहीर कशी पाडतात, दाब कसा मोजतात,
आणि समासात पेन्सिलीनं त्याचे हिशेब:
इतके महिने, इतका पगार, इतकी कौलं.
आकृत्या नाही कळल्या तर समास वाच.

तिसरं भावांचं.
लांब कुठं पिंपाचा भाव चढतो
आणि बिडीच्या बाजारात मिरची महाग होते, ते कसं.
लेखक फार हुशार आहे,
म्हणून थोडा संशय ठेव.

चौथं कन्नड. सुरक्षेचं. लहान, सरळ.
"वाचता येतंय?"
"शाळा मराठी, बाई, पण खांब कन्नड."
त्याच्या पिवळ्या खांबांवर दोन भाषांत लिहिलंय, इथं खणू नका.
"मराठीतला बोर्ड म्हंजे मी.
बांधाबांधावर जाऊन सांगतो."

पाचवं रात्री नको वाचूस.
ज्यांच्या गावाखाली तेल निघालं
त्या माणसांचं आहे.

उभ्या उभ्याच त्यानं चौथं उघडलं.
ओठ हलत होते. मग थांबले.
"हे खरं काय?"
बोटाखालची ओळ: या वायूला स्वतःचा वास नसतो.
वास मागाहून मिसळतात, शहराच्या वाटेवर,
माणसांना कळावं म्हणून.

"मग तीन वर्षं मी नाक वर करून
कसला वास घेऊलोय?"

मी हसले नाही. म्हणजे हसलेच.
तोही हसला, "ट्रेनिंगात सांगितलं असंल,
जेवणानंतरचा तास होता,"
आणि मग एकदम गप्प.
नाक आपसूक चोळलं त्यानं,
जुन्या नोकराला कामावरून काढावं तसं.

पुढचं मीच वाचून दाखवलं.
गळती असेल तिथलं गवत पिवळं पडतं.
ओढ्यात बुडबुडे येतात.
कान दिला तर फुसफुस.
"म्हंजे बघायचं," तो म्हणाला, "ऐकायचं."
सहा वाजून गेले होते.
नियम दोन पुस्तकांचा. पाच दिली.

सतरा दिवस उशिरा आणली.
दंड सतरा रुपये, चिल्लर मोजून दिला.
भावांचं पुस्तक अर्ध्यात सोडलं म्हणाला,
पाचवं दोनदा वाचलं, रात्रीच.
मी पानं चाळत होते,
चौथ्यात गवताची पात सापडली,
पिवळी.
माझा हात तिथंच राहिला.

"भिऊ नका, बाई. ते उन्हानं पिवळं झालेलं.
वळख राहावी म्हणून ठेवलंय.
दुसरं पिवळं अजून बघितलं नाही."

बूट घालून तो गेला. बाहेर अजून उजेड होता.
पात मी होती तिथंच राहू दिली, पान एकेचाळीस.
नोंदवहीत परत आल्याची तारीख घातली,
पुढच्या रकान्यापाशी थोडी थांबले,
मग लिहिलं:
स्थिती चांगली. गवतासह.