मोजा

नोव्हेंबर सरत आला की इथे सूर्य दहाला येतो
आणि दोनच्या आत, कुणी हाक मारल्यासारखा, निघून जातो.
मग उरतो कपडे बदलायच्या खोलीतला पिवळा चौकोन,
वाळवणाच्या कपाटाची घरघर
आणि बावीस पोरांचे चव्वेचाळीस हातमोजे,
म्हणजे खरं तर त्रेचाळीस. एक रोज हरवतोच.

गेल्या आठवड्यात मी वहीत लिहिलं:
उर्हो, वय चार. सूचना ऐकत नाही.
डावा मोजा घालायला रोज नकार.
पुढे पूर्णविराम.
पेन जरा जास्तच टेकलं असणार,
मागच्या पानावर ठिपका उमटलाय.

मंगळवारी, मुलं गेल्यावर, आमची बैठक.
बुटक्या खुर्च्या, गुडघे हनुवटीशी.
तुइरे कॉफी ओतते. राइली, नोकरीचं एकतिसावं वर्ष,
विणकाम घेऊन बसते, मान वर करत नाही.
शरदात प्रशिक्षणाला आलेल्या बाईंनी
फळ्यावर वर्तुळ काढलं होतं:
करा, थांबा, मागे वळून पाहा, पुन्हा करा.
चार बाण, एकमेकांची शेपटी धरून.
मला आठवलं शेजाऱ्यांचं कुत्रं.
बोलले नाही. प्रमाणपत्र हवं होतं.

या मंगळवारी पडद्यावर मी होते.
साडेचार मिनिटं, त्याच पिवळ्या चौकोनातली.
आधी ऐकू आला आवाज. हा माझा?
'चला' म्हणता म्हणता
उंबऱ्याबाहेर पोचलेला?

तुइरेनं चित्र मागे नेलं.
"मोजा घालतोस ना, उर्हो?"
इथपासून त्याच्या मनगटावर
माझा हात पडेपर्यंत किती वेळ?
मोजा, म्हणाली.
दीड सेकंद.
पुन्हा मोजलं. दीडच.
एवढ्यात तर मला स्वतःलाही
उत्तर सुचत नाही.

मग चौकटीच्या कडेला, जिथे मी पाहत नव्हते,
बाकावर सिल्या दिसली.
तिच्या अंगरख्याची चेन खाली अडकलेली,
आणि उर्होचा डावा हात, उघडा,
तिकडे निघालेला, अर्ध्यावर मी धरलेला.

कुणीच काही बोललं नाही.
राइलीनं टाका मोजून पुरा केला आणि म्हणाली,
"मोजा घालून चेन कशी लागेल गं?"

त्या रात्री झोप उशिरा आली.
तळघरातल्या कपाटात माझ्या एकोणीस वर्षांच्या वह्या आहेत.
ऐकत नाही. बसत नाही. मिसळत नाही.
किती ठिपके, किती पानांच्या पाठीवर.
त्यातलाच एक आता पेट्रोल पंपावर असतो,
काच पुसताना मला हात करतो.
त्याच्याबद्दल काय लिहिलं होतं
ते काढून बघायचा धीर अजून झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी हात मांडीखाली दाबून बसले.
खरोखरच दाबले, नाहीतर ते ऐकत नाहीत.
मनात आकडे: नऊ, दहा, सतरा.
दारापाशी पोरं लोकरीत घामाघूम,
एकाला नेमकी आत्ताच शू,
घसरगाड्यांची वेळ टळत चाललेली.
उर्हो चेनीशी बोलत होता,
गुरांशी बोलावं तसं, हळू, कान न उपटता.
अडतीसला चेन वर गेली.
सिल्यानं हनुवटी उचलून जागा करून दिली,
जणू रोजचंच.
रोजचंच होतं.

आता मोजा? मी विचारलं. आणि थांबले.
त्यानं मोजा खिशात कोंबला
आणि बाहेर पळाला, उणे चौदात.

वहीत काल रात्रीपासून एक ओळ अर्धी आहे.
जुनी मी खोडलेली नाही, फाडलेलीही नाही,
फक्त पूर्णविरामाला खाली शेपूट काढलंय,
आता तो स्वल्पविराम दिसतो.
राइली म्हणते, शेपूट जरा वाकडंच आलंय.

खिडकीतून दिसतो तो: बर्फात उकिडवा,
एक हात लाल.
थंडी वाजली की येईल आत.
येईलच, असं वाटतं.
मी मोजते आहे.