कडता

राइस मिलमध्ये एकतीस वर्षं काट्यावर होतो मी.
पोतं ठेवलं की आधी बारदान्याचा कडता कापायचा,
मग ओलीचा, मग मातीचा.
उरेल ते धान.

अंगठा माझा मशीनच्या पट्ट्यात सापडला
त्याला बरीच वर्षं झाली.
नखाचा भाग गेला, उरला तो हळू.
थंडीत सांगितलेलं ऐकायलाही त्याला वेळ लागतो.
त्याच अंगठ्याखाली बोपचे मास्तरांनी स्टॉपवॉच ठेवलं.
‘दसाराम, तुझा हात खोटा नाही,’ म्हणाले.

जयवंता कुंभरे.
तिची माय ओट्यावर उसना धान वाळवायची,
पायांनी तास ओढत, या टोकाहून त्या टोकाला,
आणि मागून ही, त्याच तासांतून.
चालताना तिला मी कधी पाहिलंच नाही.

बॉयलरपासून फाटकापर्यंत पंच्याऐंशी मीटर.
उरलेले पंधरा अर्जुनीच्या रस्त्यावर,
ट्रक नसला तर.
सकाळी सहाचा भोंगा हीच बंदूक.
कोंढ्याच्या धुरळ्यातून आधी दात दिसायचे, मग गुडघे,
मग ती पुढे गेलेली असायची
आणि मी अजून अंगठ्याला सांगतच असायचो.

आकडे लिहिले आवक-वहीतच, मागच्या पानांवर.
शेठनं एकदा विचारलं, ‘हे कोणाचं वजन?’
म्हटलं, हलकं आहे जी. आपल्या मिलचं नाही.

मग तालुका, जिल्हा, नागपूर, पतियाळा.
पेपरात ती कुंभार झाली, कुंभारे झाली,
एकदा तर कुमारी जयवंता, बस, तेवढंच.
तीनदा देशाचा विक्रम मोडला तिनं,
त्यातले दोन तिचेच होते.
मायनं मोहफुलाचे लाडू वाटले.
मलाच दोन दिले, काटेवाला म्हणून.

ऑलिम्पिकच्या रात्री अडीच वाजता
मिलच्या ऑफिसात सोळा जण, एक टीव्ही,
टीव्हीच्या वर एक पाल.
तिकडे आवाज झाला, इकडे मी सवयीनं बटण दाबलं.

पाचवी आली.

कोणी बोललं नाही. माय विचारत होती,
‘झालं का? एवढंच?’
मग पडद्यावर तिच्या नावापुढे एन आर उमटलं
आणि बोपचे मास्तर खुर्चीवरून उठले, चष्मा न घालताच.
आपल्या देशात आजवर एवढ्या वेगानं
कोणतीच बाई पळाली नव्हती.
आणि तिच्यापुढे चार जणी होत्या.
दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा,
हे माझ्या काट्यावर आजही बसत नाही.

भोपाळला मांडीचा स्नायू फाटला. दीड वर्ष पट्ट्या, तेल, सुया.
परत पळाली, पण दात दिसले नाहीत.
आता आश्रमशाळेत पोरींना शिकवते,
सडक-अर्जुनीच्या अलीकडे.

परवा तिचा विक्रम गेला.
शंभरातले दोन भाग. एकोणीस वर्षांची कोणीतरी पोरगी.
मी फोन लावला, मयतीला गेल्यासारखा आवाज करून.
मागे शिट्टी वाजत होती.
‘मोडू द्या ना जी,’ म्हणाली,
‘ठेवून काय कीड लावायची होती?’

तेव्हा सांगितलं, इतकी वर्षं पोटात होतं ते:
भोंगा घड्याळावर व्हायचा, निघताना अंगठा तयार असायचा.
पोहोचताना तू सांगून येत नव्हतीस.
वहीत आहे त्याहून तू जलद होतीस, पोरी.
प्रत्येक सकाळी.

ती हसली. ‘ठाऊक होतं जी.
त्याचा कडता मी मनातच कापायची.’

फोन ठेवला, वही काढली.
पानांना अजून कोंढ्याचा वास आहे.
पेन्सिलीला टोक केलं, पहिल्या आकड्यापाशी आलो,
आणि आठवलं,
किती कापायची
ते विचारायचं राहिलं.