खालचं मॉडेल

थंडर बेला उणे एकतीस.
गॅरेजात बाबांनी दाराचं अस्तर उपटलंय,
एक क्लिप तुटून माझ्या बुटात गेली.
टॉर्च मी धरलाय. “हलू नकोस,” म्हणतात,
हलतात तेच.

गाडी सगळ्यात खालच्या मॉडेलची.
डॅशबोर्डवर बटणांच्या जागी काळी झाकणं,
ओळीने चार,
न आलेल्या पाहुण्यांच्या पाटांसारखी.
पण दाराच्या पोटात वायर निघाली,
कारखान्यातूनच आलेली, टेपने गुंडाळलेली,
टोकाला काही नाही.
“बघ, द्यायचं होतं त्यांना.
मग हात आखडता घेतला.”

आईची बोटं दोन हिवाळ्यांपासून आखडलेली.
गेल्या मंगळवारी दुकानाबाहेर किल्ली फिरेना;
दुधाची पिशवी बर्फावर ठेवून ती उभी,
शेवटी कुणा शाळकरी पोराने फिरवून दिली.
हे तिने नाही, पोराच्या आईने सांगितलं.
बाबा काही बोलले नाहीत.
रात्री बसून चार मोटरी मागवल्या.

तपकिरी वायर तपकिरीला जोडली.
ती जोडायची नव्हती.
हॉर्न बोंबलत सुटला,
शेजारचा ओस्टाप खिडकीतून:
“रेइयो, स्वतःचीच गाडी चोरतोस?”

नवाच्या सुमाराला टक्.
इंडिकेटर दोनदा पिवळे.
आईने हातमोज्यातूनच दाबलं. उघड, बंद, उघड.
“पुरे, सेल संपेल.”
जुनी किल्ली तिने तरीही मागून घेतली.

मागचं डावं दार अजून अर्धा श्वास मागे असतं.
उन्हाळ्यात बघू, म्हणतात बाबा.
आई मात्र ते चौथं टक् ऐकल्याशिवाय
गाडीकडे पाठ करत नाही.