कूलरचं पाणी

मे महिन्यात सदरच्या आमच्या चर्चला
सहा कूलर लागतात.
पाणी भरायचं काम मी मागून घेतलं,
म्हणजे उपासनेच्या वेळी बाहेर उभं राहता येतं,
हातात पाइप, पाठ भिंतीला.

कापणीच्या सणाचे अकरा हजार मी सट्ट्यात घातले होते.
परत केले, हप्त्याहप्त्यानं, पावतीसकट.
पाळकसाहेबांनी वही मिटली,
देवानंही मिटली असेल बहुधा.
मीच रोज रात्री उघडून बेरीज तपासतो.

वाळ्याच्या ताट्यांमधून आतला आवाज ओला होऊन येतो:
प्रार्थना, कुणाचं तरी रडकं पोर,
आणि मग ती शांतता, भाकर मोडण्याची.
तेव्हा मी पाइप जोरात सोडतो.

आज सालोमीबाई उमाप बाहेर आल्या.
दानाची थैली तेव्हा त्या माझ्यासोबत मोजायच्या;
कमी भरली ते पहिल्यांदा त्यांनाच कळलं होतं.
मला वाटलं, पाणी कमी पडलं.
"काहून रे, सात साल झाले,
कूलर भरून भरून माणूस भरते का?
आण तो पाइप. जा आत."

मी म्हटलं, पाय ओले आहेत.
"फरशी पुसता येते, बाप्पा."

कठड्याशी गुडघे टेकले. हात पुढे केले,
नोटा मोजलेले तेच हात,
वाळ्याचा वास, पाणी गळतंय.
भाकर तळहातावर पडली आणि लगेच मऊ झाली.
चावावी लागलीच नाही.

मागं खिडकीतला कूलर भरून वाहत होता,
बाईंना नळ बंद करता येत नव्हता.
मी उठलो नाही.