बंद धुरांडी

टेपचं एक टोक मुनाफच्या हातात, दुसरं माझ्या.
माझगावच्या टेकडीखाली, गोदीकडे पाठ करून उभी शाळा,
तिची मापं घेतोय आम्ही, शिंप्यासारखी,
दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासाठी.
दक्षिण भिंत: अडीच फूट. कुर्ल्याचा काळा दगड.
कमानींना पोरबंदरचा, पिवळा, मऊ,
ज्यात पिढ्यानपिढ्या कर्कटकाची टोकं रुतली:
प्र. मा. चि., १९३१.
‘डिमेलो गाढव आहे.’
त्याखाली दुसऱ्याच कुणाच्या हातचं, ‘होता.’

मूळ नकाशे ग्रंथालयाच्या कपाटात सापडले,
मेणकापडावर, फ्रेंचमध्ये.
ते काढणारा माणूस ल्योंमधून कधी हलला नाही.
उंटावरून शेळ्या हाकाव्यात
तशी त्यानं समुद्रापलीकडून शाळा हाकली:
छपराला उभा उतार, बर्फ घसरून पडावं म्हणून;
दक्षिणेला मोठ्या खिडक्या, ऊन मिळावं म्हणून, ऊन!
आणि सात वर्गांत सात शेकोट्या.
समासात बारीक अक्षरात: तासाला दोन ओंडके.

फादर आन्सेल्मनी खिडक्यांपुढे व्हरांडा घालून घेतला.
छपरावर मंगळुरी कौलं चढली.
शेकोट्या मात्र राहिल्या.
का, ते कुठल्याच वहीत नाही.
हिशेबात एवढंच: ‘येल्लप्पा कामाठी व अकरा गडी.
धुरांडी सात. रुपये’
पुढचं वाळवीनं नेलं.

खांबांच्या माथ्यावर नकाशात ओकची पानं होती.
येल्लप्पानं ओक पाहिला नव्हता.
कातरलेलं पान म्हटल्यावर त्याला परसातलं आठवलं,
म्हणून आमच्या सभागृहात बावीस खांबांना एरंड फुटलाय.
त्याखाली मांडी घालून आम्ही इतिहास ऐकला,
दर गुरुवारी, सलग दोन तास.
आता कळतंय,
त्या गुऱ्हाळाची सोय दगडातच करून ठेवलेली.

नववी ब. मी शेवटच्या बाकावर, शेकोटीला टेकून.
आम्ही तिला गुहा म्हणायचो.
जप्त केलेलं सगळं किन्नीबाई तिच्यात टाकायच्या:
भोवरे, चिंचोके, एकदा जिवंत खेकडा,
एकदा माझी चिठ्ठी,
जी त्यांनी उघडली नाही, हे त्यांचे उपकार.
मे महिन्यातल्या जादा तासांना
तिच्या तोंडाशी गाल लावला की दगड गार लागायचा.
शेकोटीचा आम्हाला ठाऊक असलेला उपयोग हाच.

आज छपरावर चढून पहिल्या धुरांड्यात ओळंबा सोडला.
टक्.
हातभरावरच अडला.
घारीचं घरटं असेल, मुनाफ म्हणाला.
दुसऱ्यात, टक्. तिसऱ्यात.
साती धुरांडी आतून बंद:
चुन्यात बसवलेला एकेक दगड,
सांधा असा की सुई शिरू नये.

मी तशीच कौलांवर बसून राहिले.
खाली मधली सुट्टी झाली होती,
कुणीतरी कुणाचा तरी डबा पळवला होता.
येल्लप्पानं विचारलं असेल, हे कशाला?
कुणी सांगितलं असेल, थंडीसाठी.
त्यानं आपल्या घामेजल्या उघड्या अंगाकडे पाहिलं असेल,
मग वरच्या भोकाकडे, मग आभाळाकडे,
आणि कुणालाच न दुखवता
साहेबाचा नकाशाही राखला,
पोरांची डोकीही कोरडी राखली.

एकशे तीस वर्षांत कुणी एक काडी ओढली असती
तर वर्गात धूर कोंडला असता, चोरी कळली असती.
कुणाला गरजच पडली नाही.

अहवालात रकाना आहे: धुरांडी, सद्यस्थिती.
‘बंद’ लिहिलं, खोडलं.
‘सदोष’ लिहायला हात होईना.
फोडून मोकळी करायची का मॅडम? मुनाफ विचारतो,
छिन्नी त्याच्या पिशवीत असतेच.

लिहिलं: चालू. गळती नाही.
मुनाफनं टेपचं टोक सोडलं.
सरसरत ते माझ्याकडे आलं.